कूलर बंद ठेवून केलेली सीडी

आई, तुझी सीडी मी गेल्या आठवड्यात बाहेर काढली. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती, कॉलेजच्या जुन्या कागदांखाली. तू गुंडाळून पाठवली होतीस तशीच, पांढऱ्या गॉजच्या दोन घड्यांत, वरून आडवी चिकटपट्टी. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. ती कुणी उघडलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना अडायला होणार नाही. तू गेलीस त्याला पंधरा वर्षं होऊन गेली आणि सीडी त्याच्याही आधीची. तू फोनवर विचारलं होतंस आणि मी ऐकली म्हणून सांगितलं होतं. मी ऐकली नव्हती.

काढायचं कारण ताई. अकोल्याला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस टीव्ही नको, मोबाइल नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नुसतं पडून राहणं तिला जमत नाही, तुला माहीत आहे. तिने फोन करून माझी सीडी मागितली. मी म्हणालो, तुझ्याकडेही आहे की. ती म्हणाली, "माही तं कधी लागलीच नाई, भाऊ. एक दिवस नाई." मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "तुही लागली म्हणे ना. मंग मले वाटलं, आपलाच प्लेअर भंगार हाय. आईले कायले दुखवा." तिने तेव्हा नवा प्लेअर आणला होता. त्यावरही लागली नाही तेव्हा दुकानदाराशी भांडून तो बदलून घेतला. तिसऱ्यावरही लागली नाही तेव्हा सीडी बुद्धमूर्तीच्या फळीवर ठेवून दिली, आणि तुला सांगत राहिली की संध्याकाळी लावतो म्हणून. इतकी वर्षं ती स्वतःच्या प्लेअरला दोष देत होती. माझ्या शब्दावर तिला शंका आली नाही.

बाबांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटवर होता. ते सर्व्हेच्या तुकडीत होते, चिखलदऱ्याच्या बाजूला महिनोन्महिने राहायचे. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. एकदा त्यांच्या साहेबांनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा बाबांनी पत्राऐवजी कॅसेट भरली आणि जीपच्या ड्रायव्हरबरोबर, दर्यापूर तालुक्यात तू नर्स होतीस त्या आरोग्य उपकेंद्रावर पाठवली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी सहा वर्षांचा होतो, ताई अकराची. ताई सांगते, एकदा तू ती कॅसेट आमच्यासमोर लावलीस तेव्हा मी उठून मशीनच्या मागे बघून आलो आणि नंतर दोन्ही खोल्यांत शोधत राहिलो. मला ते आठवत नाही. त्यानंतर तू आमच्यासमोर ती लावली नाहीस. आम्ही शाळेत गेलो की लावायचीस. कधी लवकर घरी आलो तर टेपरेकॉर्डर हाताला कोमट लागायचा, तेवढं मला आठवतं.

तू निवृत्त होऊन अकोल्यात राहायला आलीस, त्याच्या पुढच्या वर्षी मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना तुला आणून दिला. त्यात सीडी राइट करायची सोय होती. कॅसेट तोवर घासत चालली होती. ते आता पाण्यातून बोलल्यासारखे वाटतात, असं तू म्हणायचीस. दिवाळीच्या सुटीत मी टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर जोडली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. कॅसेट जितका वेळ वाजते तितकाच वेळ ते चालतं. मी चपला घातल्या. तू विचारलंस, "बसत नाई काय?" मी म्हणालो, चौकात जाऊन येतो. परत आलो तेव्हा तू त्याच खुर्चीत होतीस, हात मांडीवर, आणि पडद्यावर फाइल तयार होती. सीडी पुढच्या खेपेला करून देईन म्हणालो. पुढची खेप लांबत गेली.

तू थांबली नाहीस. उन्हाळा लागला आणि तुझे फोन सुरू झाले. तुला इंग्रजी अक्षरं येत होती, औषधांच्या खोक्यांवरून शिकलेली, पण वाक्य आलं की अडायचीस. म्हणून पडद्यावर जे उमटेल ते एकेक अक्षर करून मला वाचून दाखवायचीस. मी स्टाफरूममध्ये बसलो आहे, कानाला फोन आहे, आणि समोरच्या हजेरीपटाच्या मागे डब्ल्यू, आर, आय, टी, ई असं लिहून घेतो आहे. शेजारचे सर विचारतात, काय, आईला इंग्रजी शिकवणं चाललंय का. राइट एरर. म्हणजे आणखी एक सीडी वाया गेली. मी सांगितलं, वेग कमी कर. तू केलास. अर्ध्यापर्यंत जाऊन पुन्हा थांबली. मी सांगितलं, ते चालू असताना दुसरं काही उघडू नकोस. तू म्हणालीस, मी तं हातबी लावत नाई, दूर बसून पाहतो. मी सांगितलं, डिस्क हलक्या असतील, दुसऱ्या आण. तू दुसऱ्या आणल्यास आणि त्याही बिघडल्या. बिघडलेल्या तू फेकत नव्हतीस. परसातल्या पेरूला दोऱ्याने टांगायचीस, पोपट येऊ नयेत म्हणून. एकदा म्हणालीस, "पेरूले आता जागा नाई उरली, बाबू. लिंबाले लावू काय?" मी हसलो होतो. तेवढंच एक हसणं त्या सगळ्या फोनांत आहे.

मे महिन्यात एका दुपारी तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज वेगळा होता, काहीतरी हाती लागल्यासारखा. "बाबू, हे कूलरमुळं होऊन राह्यलं." कूलरची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंद होतो आणि नेमकी तेव्हाच सीडी थांबते, असं तू समजावून सांगत होतीस. मी पेपर तपासत होतो. मी म्हणालो, "आई, कूलरचा आणि सीडीचा काही संबंध नाही. यातलं कळत नसेल तर उगाच निदान करू नकोस." निदान हा शब्द मी सहज वापरला नव्हता. तीस वर्षं उपकेंद्रावर डॉक्टर नसताना तू जे करत होतीस ते निदानच होतं, आणि डॉक्टरची जीप आली की तो शब्द तुझ्या तोंडी शोभत नसे. हे तूच आम्हाला सांगितलेलं. तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास.

ताईच्या सुनेने परवा तुझ्या वहीचे फोटो पाठवले. ती वही ताईकडे आहे हे मला माहीत नव्हतं. तू पट्टीने रेघा मारून रकाने पाडले आहेत: नंबर, दिवस, वेळ, वेग, कूलर, निकाल. कूलरच्या रकान्यात चालू, चालू, चालू, आणि समोर बिघडली, बिघडली, बिघडली. मग एकदा बंद. झाली. त्यानंतरच्या ओळीत पुन्हा चालू, बिघडली. ही ओळ मी बराच वेळ पाहत होतो. एक चांगली कोरी सीडी तू जाणूनबुजून वाया घालवली होतीस, खात्री करून घ्यायला. त्या पुढे सगळीकडे बंद. एका ओळीत बारीक अक्षरात पंखासुद्धा बंद असं आहे. सकाळ-संध्याकाळ लोडशेडिंग, म्हणून लाइट असायची ती दुपारीच. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून, तू त्या मशीनसमोर बसलेली असायचीस. मला तू हे पुन्हा कधी सांगितलं नाहीस. मी ‘उगाच’ म्हणालो होतो ना.

आणखी एक तू विचारलं होतंस, ते वहीत नाही. सीडी पूर्ण व्हायच्या वेळी मशीन एक प्रश्न विचारायचं. तो तू शब्दकोश घेऊन लावला होतास: यात मागाहून आणखी भर घालायची आहे का. फोन करून म्हणालीस, काय म्हणू? मी म्हणालो, हो म्हण, काय बिघडतं. प्रश्न काय आहे हे मी नीट ऐकलंही नाही. तुला ते पटलं. बाबांचं बोलणं चाळीस मिनिटांचं, सीडीवर जवळजवळ तेवढीच जागा उरलेली. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये पान भरल्याशिवाय तू कधी खाली रेघ मारली नाहीस. अर्धं पान कोरं टाकून पुढे जाणाऱ्या नव्या मुलींना तू बोलायचीस, सरकारचा कागद झाडाला लागतो काय म्हणून. तू हो म्हणालीस.

ती सीडी तुझ्या मशीनवर नीट वाजली. तुझं तेवढ्याने भागलं नाही. मलेरियाच्या दिवसांत तू गावोगाव बोटं टोचून रक्ताच्या काचा घ्यायचीस, पण त्या वाचायच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने. आपण घेतलेली काच आपण वाचू नये, आपल्याला हवं तेच दिसतं, असं तू आम्हाला भाजी निवडतानाही सांगितलं आहेस. म्हणून पहिली सीडी माझ्याकडे आली. अकोल्याच्या स्टँडवर तू पुडकं अमरावतीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलंस, मला गाडीचा नंबर कळवलास, आणि मी इथल्या स्टँडवर उन्हात उभा राहिलो. गाडी उशिरा आली. ड्रायव्हरने खिडकीतूनच पुडकं खाली दिलं आणि म्हणाला, "मावशीनं सांगतलं होतं, उन्हात ठेवू नोका. पाण्याच्या कॅनले टेकवून आणलं पाहा." पुडकं खरंच गार होतं. मी घरी आलो, ते टेबलावर ठेवलं आणि पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. संध्याकाळी तुझा फोन आला.

"लागली काय?"

"लागली."

"आवाज येते?"

"येतो."

"पूर्ण ऐकली? शेवटपर्यंत?"

"हो, आई. शेवटपर्यंत."

तुझ्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, "मंग ताईची बी अशीच करतो."

वहीत ती ओळ आहे. बाबू, अमरावती, लागली, शेवटपर्यंत. माझा शब्द तू निकालाच्या रकान्यात उतरवून घेतला होतास. त्याखाली ताईची ओळ, निकालात फक्त ‘तशीच’ एवढा शब्द. त्याखाली अर्धं पान कोरं आहे, आणि तरी तू रेघ मारून सही केली आहेस.

त्यानंतर तू कॅसेट जपणं सोडलंस. दोघांकडे आहे, आता कायले भ्यायचं, असं म्हणायचीस आणि रोज दुपारी लावायचीस. दीड-दोन वर्षांत तिची फीत मशीनमध्ये गुंडाळली गेली आणि तुटली. तू ती टाकून दिलीस, आणि फोनवर हे सांगताना तुला फार वाईटही वाटत नव्हतं. तू गेल्यावर आम्ही घर रिकामं केलं. भंगारवाला दारात आला तेव्हा कॉम्प्युटर मीच उचलून त्याच्या गाडीवर ठेवला. ताईने विचारलं होतं, यात काही नाई ना. मी म्हणालो, सगळं आपल्याकडे आहे.

आता माझ्या घरात सीडी लावायला काही नाही. मी ती बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकान मोबाइल दुरुस्तीचं आहे, पण मालक जुना माणूस, काउंटरखाली एक जुनं मशीन ठेवून आहे. मी विचारलं, हे अजून लागतं का. तो म्हणाला, "लोक लग्नाच्या सीड्या आणतात, सर. नवरा-बायकोचं पटत नसते, पण लग्नाची सीडी पाह्यजेच." त्याने गॉज सोडलं, सीडी उजेडात तिरकी धरली, एक ओरखडा नाही म्हणाला. मशीनमध्ये घातली. काही दिसलं नाही. कोरी आहे, असं मशीन म्हणत होतं. मला वाटलं, संपलं. त्याने फळीवरून दुसरा जुना ड्राइव्ह काढला, धूळ फुंकली, वायरी जोडल्या. तोवर त्याने दोन गिऱ्हाइकं केली. मी स्टुलावर बसून होतो. मला उठून घरी जावंसं वाटत होतं.

"लिहून हाय, सर," तो म्हणाला. "पण बंद नाई केली. मागाहून भर घालायची म्हणून कोणी उघडी ठेवली. अशी सीडी ज्या मशीनवर केली त्याच मशीनवर वाजते, दुसरीकडं कोरी दिसते." मी विचारलं, तेव्हा लक्षात आलं असतं तर काय करावं लागलं असतं. "तेव्हा? काईच नाई. मशीनले एकदा सांगायचं, बंद कर म्हणून. दोन मिन्टाचं काम." मग त्याने सहज विचारलं, "कोणी दुसऱ्या मशीनवर लावून पाह्यली नाई काय तेव्हा?"

मी म्हणालो, नाही.

त्याने आतलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून दिलं. सगळं म्हणजे शेवटची चार-पाच मिनिटं सोडून. लिहिलेल्या भागाची कड आता वाचली जात नाही, तीनदा प्रयत्न केला, म्हणाला. त्या चार-पाच मिनिटांत काय होतं ते फक्त तुला माहीत होतं. मग त्याने हेडफोन माझ्याकडे दिला आणि तो दुसऱ्या कामाला लागला.

मी ऐकलं. एक माणूस बोलतो आहे. कौलं पावसाच्या आधी फिरवून घ्या म्हणतो. सायकल कोणाले देऊ नोका. अठी थंडी लय हाय, आम्ही शेकोटीपाशी बसून राह्यलो. मध्ये कुणीतरी त्याला आटप म्हणतं आणि तो हसतो. जीपचा आवाज येतो. ताईने पाटीवर काय लिहिलं ते विचारतो. बाबूचा खोकला गेला काय, विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबल्यासारखा थांबतो. मग पुन्हा कौलं. दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती. कुणीतरी मला जरा सरका म्हणालं आणि मी सरकलो. आवाज मध्येच तुटला, तिथून पुढे काही नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि मालकाने निघालं का नीट, असं विचारल्यावर मान हलवली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला आधी हेच विचारायचं होतं. "बाबाच हायेत ना?" मी हो म्हणालो. ती रडली, मग डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून स्वतःवरच चिडली. उद्या सकाळच्या गाडीने मी तिच्याकडे अकोल्याला जातो आहे.

आई, या खेपेला मी खरंच ऐकलं, होतं तेवढं सगळं. पण मी तो आवाज ओळखला नाही. कानात बोलणारा माणूस तीस-बत्तीस वर्षांचा होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, घाईघाईने बोलणारा, आणि मी त्याला कधी भेटलो होतो असं मला वाटलं नाही. खोकल्याचं आलं तेव्हा मी हिशेबाने धरलं की हे बाबा. दिवाळीत मी चपला घालून चौकात गेलो तो याच भीतीने. गॉज सोडलं नाही तेही. पेपरांचे गठ्ठे होते, दमलो होतो, तेही खोटं नाही, पण पेपर संपल्यावरही मी ते सोडलं नाही. तू शेजारी बसून विचारलं असतंस, ओळखू येतात ना, आणि मला तुझ्या तोंडावर हो म्हणता आलं नसतं. फोनवर म्हणता आलं.

हे लिहून झालं की मी ते फाडीन बहुतेक. ताईला यातलं काही सांगणार नाही. ती अकरा वर्षांची होती, तिला आठवत असेल. उद्या ती ऐकायला बसली की मी तिच्या समोर बसणार आहे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवणार आहे, ते बाबा आहेत की नाहीत.